कोचीचे बंदर : पाण्याखालच्या रस्त्याकाठी पाच दिवस

पाटबंधारे खात्यात माझी तीस वर्षांहून अधिक नोकरी झाली आणि त्यातली निम्मी तरी गाळाशी भांडण्यात गेली. कालव्यात साचणारा, बंधाऱ्याच्या पोटात बसणारा आणि पावसाळा सरला की अंदाजपत्रकात दरवर्षी न चुकता उगवणारा गाळ. अशा माणसाने निवृत्तीनंतर सहलीसाठी कोची निवडावी आणि तीही समुद्राच्या तळातून उपसलेल्या गाळावर वसवलेले विलिंग्डन बेट पाहण्यासाठी, याचे आमच्या घरात कोणाला आश्चर्य वाटले नाही. सौ. एवढेच म्हणाल्या, "अहो, तिकडे जाऊन तरी गाळ सोडा." भाचा नौदलात असल्याने दोन वर्षांपासून कोचीतच आहे आणि त्याचा आग्रह होताच. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो.

पहिला दिवस : खाड्यांवरून कोचीपर्यंत

नेत्रावती एक्स्प्रेसने पनवेलहून निघालो. रत्नागिरीपर्यंत अंधार पडला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी केरळात शिरल्यावर खिडकीतून एकामागून एक नद्यांची मुखे दिसू लागली. आपल्या कोकणात ज्यांनी खाडीच्या तोंडाशी होडी काढली आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. नदी वाळू आणून टाकते, लाटा ती परत लोटतात आणि दोघींच्या ओढाताणीत मुखापाशी वाळूचा एक आडवा दांडा तयार होतो. आत कितीही खोल आणि शांत पाणी असले, तरी या उंबरठ्यावर ते उथळच असते. पश्चिम किनाऱ्यावरची कितीतरी जुनी बंदरे याच उंबरठ्याने मारली.

कोचीची कथाही इथेच सुरू होते. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, उत्तरेकडचे मुझिरिसचे प्राचीन बंदर गाळाने बुजले आणि कोचीजवळचे मुख रुंद होऊन व्यापार तिकडे सरकला, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. पोर्तुगीज, डच आणि इंग्रज एकामागून एक इथे आले ते या मुखापाशी. मात्र नवे मुख मिळाले, तरी वाळूचा दांडा टळला नाही. दाबून घट्ट झालेल्या, जवळजवळ दगडासारख्या त्या दांड्यावरून आठ-नऊ फुटांपेक्षा जास्त पाणी लागणारे जहाज आत येऊ शकत नसे. त्यामुळे आगबोटी बाहेर समुद्रात नांगर टाकून उभ्या राहत, लहान पडावांतून माल ने-आण होई आणि पावसाळ्यात तेही बंद पडे.

एर्नाकुलम जंक्शनला दुपारी उतरलो. बोट जेट्टीजवळच्या एका साध्या लॉजमध्ये खोली होती. संध्याकाळी भाच्याबरोबर मरीन ड्राइव्हवर गेलो, तेव्हा समोर पश्चिमेला पाण्यापलीकडे दिव्यांची लांब ओळ, दोन-चार क्रेन आणि एका मोठ्या जहाजाचा काळा आकार दिसत होता. "मामा, तेच तुमचं बेट," भाचा म्हणाला. एखाद्या बाबतीत वर्षानुवर्षे वाचलेले असावे आणि प्रत्यक्षात ते आपल्या गावाच्या नदीपलीकडच्या वस्तीसारखे दिसावे, असे काहीसे झाले. बेट इतके सपाट आहे की त्याला उंची म्हणून नाहीच. उपसलेला गाळ पाण्याच्या पातळीवर जेवढा उचलता येतो, तेवढीच त्याची उंची.

दुसरा दिवस : विलिंग्डन बेट

सकाळी जेट्टीवर चुकीच्या बोटीत बसलो. मल्याळम पाटी वाचता येत नाही आणि विचारायचा संकोच, या दोन्हींचा परिणाम. बेटावर जाण्याऐवजी आम्ही बेटाला वळसा घालून मुखापर्यंत जाऊन परत आलो. तासभर गेला, पण वळसा फुकट गेला नाही, कारण नकाशात न कळणारी एक गोष्ट पाण्यावरून कळली. बेटामुळे जलाशयाचे दोन फाटे झाले आहेत, पूर्वेकडचा एर्नाकुलम चॅनेल आणि पश्चिमेकडचा मट्टानचेरी चॅनेल. बेटाच्या उत्तर टोकाशी दोन्ही मिळतात आणि तिथून एकच पाण्याचा रस्ता फोर्ट कोची आणि वायपीन यांच्यामधून समुद्राकडे निघतो. जहाज बाहेरून आत आले की या टोकापाशी डावीकडे वळायचे की उजवीकडे, एवढाच प्रश्न उरतो. एवढी सोपी रचना पाहून ती कोणीतरी कागदावर बसून काढली असणार, हे ध्यानात येते.

ती काढली सर रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज बंदर-अभियंत्यांनी. एप्रिल १९२० मध्ये ते कोचीत आले, तेव्हा मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन होते. हेच विलिंग्डन त्याआधी १९१३ ते १९१८ मुंबईचे गव्हर्नर होते आणि पुढे व्हाइसरॉय झाले, त्यामुळे मुंबईकरांना त्यांच्या नावाचा परिचय वेगळ्या कारणांनी असतो. ब्रिस्टो यांच्यापुढे अडचण केवळ वाळूची नव्हती. फोर्ट कोची ब्रिटिशांचे, एर्नाकुलम आणि मट्टानचेरी कोचीन संस्थानचे आणि पाठीमागचा जलमार्ग बऱ्याच अंशी त्रावणकोरचा, म्हणजे बंदर एक आणि मालक तीन. सीमाशुल्काची वाटणी कशी व्हायची, हे ठरेपर्यंत खोदकामाचा पैसा सुटेना. आमच्या खात्यात दोन जिल्ह्यांच्या हद्दीवरच्या एका पाटाचे काम सात वर्षे अडले होते. त्यामुळे ब्रिस्टो यांच्या नकाशांइतकेच त्यांच्या चिकाटीचेही मला कौतुक वाटते.

तांत्रिक आक्षेपही पोकळ नव्हता. दांडा फोडला तर प्रवाह बदलेल, वायपीनचा किनारा समुद्र खाऊन टाकेल आणि आतल्या शांत पाण्यात लाटा शिरतील, असे अनेकांना वाटत होते. आधीच्या छेडछाडीचा फटका वायपीनला बसलेलाही होता. ब्रिस्टो यांनी पावसाळ्यातील प्रवाह, लाटा आणि वाळूची चाल यांचा अभ्यास केला, वायपीनच्या किनाऱ्यासाठी काळ्या दगडाचे बांध सुचवले आणि मोठ्या कामाआधी दांड्यात प्रायोगिक चर मारून तो पावसाळ्यात टिकतो का, हे तपासायचा मार्ग धरला. पाण्याच्या कामात कागदावरच्या हिशेबापेक्षा एका पावसाळ्याची साक्ष मोठी असते. ती घ्यायला थांबण्याची तयारी मात्र फार थोड्या वरिष्ठांत असते.

१९२६ च्या मे महिन्यात 'लॉर्ड विलिंग्डन' नावाचा ड्रेझर, म्हणजे तळाचा गाळ उपसणारे जहाज, कोचीत दाखल झाला आणि पुढची दोन वर्षे तो दिवसाचे सुमारे वीस तास चालवला गेला, असे नोंदलेले आहे. उपसणीचे तत्त्व समजायला कठीण नाही. तळाची वाळू पाण्यात कालवून रबडीसारखी करायची, पंपाने ओढून घ्यायची आणि तरंगत्या नळांतून जिथे जमीन हवी तिथे सोडायची. भराव जिथे करायचा तिथे आधी कड बांधावी लागते, नाहीतर आज टाकलेले उद्या परत चॅनेलमध्ये जाते. पाणी निथळते, वाळू बसते, त्यावर पुन्हा थर येतो. अशा रीतीने सुमारे ४५० फूट रुंद आणि साडेतीन मैल लांब प्रवेशमार्ग खणला गेला आणि त्या कामातून सुमारे ७८० एकर नवी जमीन वर आली. आपल्याकडे मुंबईत अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली, तोच हा विचार, पण इथे तो शहराच्या एका कोपऱ्यापुरता न राहता सगळ्या बंदराचा पाया झाला. १९२८ च्या मे महिन्यात मुंबईहून आलेली 'पद्मा' ही आगबोट या मार्गाने आत शिरली. १९३६ मध्ये कोचीला प्रमुख बंदराचा दर्जा मिळाला.

बंदराच्या मुख्य फाटकातून आत जायला अर्थातच परवाना लागतो आणि तो आमच्याकडे नव्हता. पण बेटाचे रस्ते मोकळे आहेत. मोठमोठे पर्जन्यवृक्ष, त्यांखाली जुने बंगले, गोदामांच्या लांबलचक भिंती आणि अधूनमधून रस्त्याला आडवे जाणारे, डांबरात बुडालेले रूळ. हे रूळ मला हार्बर टर्मिनस स्टेशनापर्यंत घेऊन गेले. १९४३ मध्ये सुरू झालेल्या या स्टेशनावर जहाजातून उतरलेला प्रवासी थेट गाडीत बसू शकत असे. प्रवासी गाड्या बंद होऊन आता बराच काळ लोटला. फलाट शाबूत आहे, त्याच्या कडेचा दगड अजून एका रेषेत आहे, मात्र रुळांमधून गवत आणि एका ठिकाणी चक्क पिंपळ वाढला आहे. मी फलाटाच्या कडेला वाकून पाहिले, तर भराव कुठेही खचलेला दिसला नाही. दक्षिणेकडे मुख्य भूमीशी जोडणारा वेंदुरुत्ती पूलही याच आखणीतला. तीसच्या दशकात रूळ आणि रस्ता दोन्ही वाहून नेणारा पूल झाला नसता, तर हे बेट नुसते बेटच राहिले असते.

दुपारी एका चहाच्या टपरीवर निवृत्त खलाशी भेटले. पूर्वी ड्रेझरवर काम केलेले, मोडके हिंदी बोलणारे. नळांच्या सांध्यांबद्दल मी विचारू लागलो तसे ते खुलले आणि काचेचा ग्लास टेबलावर सरकवत त्यांनी तरंगत्या पिंपांची ओळ, त्यांवरचा नळ आणि दोन नळांमधला लवचिक सांधा मांडून दाखवला. नळात वाळू कमी आणि पाणी जास्त जाऊ लागले की आवाजावरून कळते, असे त्यांचे म्हणणे. भरलेला नळ घरघरतो आणि रिकामा नळ शिट्टी घालतो. मग त्यांनी विचारले, "आप भी ड्रेजर में थे?" मी नहरमध्ये होतो, असे सांगितल्यावर त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

परतताना बेटाला मट्टानचेरीच्या बाजूच्या तोप्पुम्पडीशी जोडणारा जुना हार्बर पूल पाहिला. ब्रिस्टो यांच्या आखणीतला हा पूल चाळीसच्या दशकाच्या आरंभीचा. याचा मधला गाळा वर उचलता येत असे, म्हणजे उंच डोलकाठीच्या नावा आल्या की रस्ता थांबवायचा आणि पाण्याला वाट द्यायची. आता शेजारी नवा पूल झाला आहे आणि उचलण्याची ती यंत्रणा स्वस्थ आहे. पुलाने नावेसाठी थांबावे, ही कल्पना आजच्या मोटारवाल्याला किती रुचेल, कोण जाणे.

तिसरा दिवस : फोर्ट कोची, मट्टानचेरी आणि वायपीन

फोर्ट कोचीला वॉटर मेट्रोने गेलो. २०२३ मध्ये सुरू झालेली ही सेवा विजेवरच्या बोटींची आहे, आत आवाज जवळजवळ नाही आणि धक्क्यावरचा तराफा भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होत असल्याने बोटीची कड आणि धक्का कायम एका पातळीत राहतात. तसे पाहता इथे भरती-ओहोटीचे अंतर एक मीटरच्या आतबाहेरच असते आणि कोचीच्या सगळ्या रचनेची किल्ली या आकड्यात आहे, असे मला वाटते. मुंबईत उधाणाला हेच अंतर पाच मीटरच्या आसपास जाते, म्हणून तिथे १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी बांधताना दरवाजे घालून आतले पाणी कोंडावे लागले. कोचीत दरवाजे लागले नाहीत. इथला सगळा खर्च आणि सगळी अक्कल खणण्यात गेली.

किनाऱ्यावरची चिनी जाळी सगळे पर्यटक पाहतात, पण बहुतेकजण पाठ करून, फोटोसाठी. मी अर्धा तास एका जाळ्याच्या मागच्या बाजूला बसलो. पुढे पाण्यावर झुकलेली लाकडी चौकट, तिला टांगलेले जाळे आणि मागे दोरांना लोंबणारे गोल दगड, प्रत्येक दगड साधारण नारळाच्या दीडपट. दगडांचे दोर एकाच लांबीचे नाहीत, यातच सारी गंमत आहे. जाळे पाण्यात असताना सगळे दगड हवेत असतात. चार-पाच माणसे दोर ओढू लागली की जाळे वर येते, मागची बाजू खाली येते आणि दगड एकेक करून खालच्या फळ्यांवर टेकत जातात. जसजसे जाळे उचलायला हलके होत जाते तसतसे मागचे वजनही आपोआप उतरत जाते, त्यामुळे तराजू कधी एकदम झुकत नाही. हा हिशेब कोणी कधी मांडला असेल तो असो, पण बदलत्या भाराला बदलता तोल देण्याचे इतके सोपे उदाहरण मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात पाहिलेले नाही. जाळ्यात त्या वेळी मूठभर मासे आणि पुष्कळशी जलपर्णी आली. पावसाळा संपला की आतल्या गोड्या पाण्यातून ही हिरवी बेटे वाहत येतात आणि जाळ्यांत, पंख्यांत, धक्क्यांच्या खांबांत अडकून बसतात.

जवळच किनाऱ्यावर जुन्या गोदीतल्या वाफेच्या यंत्रांचे दोन-तीन बॉयलर मांडून ठेवले आहेत. वाळूत रुतलेले, गंजून लाल झालेले, पण रिव्हेटांच्या ओळी अजून मोजता येतात. शेजारी त्याबद्दल चार ओळींची नीट पाटी असती, तर बरे झाले असते. मुले त्यांवर चढून बसतात आणि आईबाप त्यांचे फोटो काढतात. इथल्या जहाजबांधणीच्या आणि गोदामांच्या काळाची ही एवढीच खूण उघड्यावर उरली आहे. १८८९ च्या जानेवारीत इथल्याच एका जहाजाला आग लागून ती किनाऱ्यावरच्या गोदामांत पसरली होती आणि मोठा भाग जळून गेला होता. त्या आगीचा स्मृतिस्तंभही इथे आहे.

मट्टानचेरीचा बाजार रस्ता मला फोर्टपेक्षा अधिक भावला. सुंठ आणि मिरीचा वास इतका दाट की सौ.ना शिंका आवरेनात. रस्त्याकडून ही गोदामे सामान्य दुकानांसारखी दिसतात, मात्र ओळखीशिवाय आत जायला मिळाले तर मागचे दार थेट पाण्यावर उघडते. एका व्यापाऱ्याने सौ.ची कोकणी वळणाची मराठी ऐकून आत बोलावले. त्यांचे पूर्वज गोव्यातून पोर्तुगीज अंमलात इकडे आले आणि तिरुमल देवस्वोम या त्यांच्या देवळाच्या परिसरात आजही घरी कोकणी बोलली जाते. मागच्या दारात तीन दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या, शेवटची हिरवीगार. कडेच्या भिंतीत एक लोखंडी कडी होती, दोराने घासून आतल्या बाजूला निम्मी झालेली. त्या कडीला पडाव बांधायचे, पोती उतरवायची आणि पडाव बाहेर उभ्या असलेल्या आगबोटीकडे जायचे. बेट झाल्यावर जहाजच आत येऊ लागले आणि या पायऱ्यांचे काम कमी कमी होत गेले. कडीवरून बोट फिरवून मी ती झीज चाचपली. निदान बोटाच्या जाडीइतके लोखंड दोरांनी नेले होते.

दुपारनंतर मुख ओलांडले. फोर्ट कोचीहून वायपीनला रो-रो बोट जाते, मोटारी, रिक्षा आणि माणसे एकाच तळावर. ओलांडायला काही मिनिटेच लागतात, पण ज्या दांड्याने शतकानुशतके जहाजे बाहेर थोपवली त्याच्या आतल्या बाजूने आपण चाललो आहोत, हे माहीत असले की ती मिनिटे वेगळी वाटतात. अर्ध्या वाटेत आमच्या बोटीला थांबावे लागले. एक मालवाहू जहाज आत येत होते. इतक्या जवळून जहाजाची लोखंडी भिंत सरकताना पाहिली की त्याच्या पोटाखाली किती पाणी असेल, हाच विचार मनात येतो.

वायपीन हे नावच भर या अर्थाच्या शब्दावरून आले, असे सांगतात. समुद्राने आणि नदीने घातलेली भर. त्याच्या टोकाकडचे पुदुवायप म्हणजे नवी भर. म्हणजे ब्रिस्टो यांनी यंत्राने जे केले, ते निसर्ग समोरच्या किनाऱ्यावर आधीपासून करतच होता, फक्त त्याला बंदराची पर्वा नव्हती. रिक्षाने पुदुवायपच्या दीपगृहापर्यंत गेलो. दीपगृह पूर्वी फोर्ट कोचीला होते, १९७९ मध्ये ते इकडे हलवले. मनोरा ४६ मीटर उंच आहे. सौ. खालीच बसल्या, मी वर चढलो आणि गुडघ्यांनी त्याची किंमत दुसऱ्या दिवशी वसूल केली.

वरून तो रस्ता दिसला. पाणी सगळीकडे एकाच मातकट रंगाचे होते, त्यात रस्ता असा काही दिसण्यासारखा नव्हता. दिसत होत्या त्या बोयांच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या, दोन ओळी, समुद्राकडून आत येताना डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरव्या, क्षितिजाकडे एकमेकींजवळ येत गेलेल्या. त्या दोन ओळींच्या आत पाणी खोल आहे आणि बाहेर नाही. बाहेरच्या उथळ पाण्यात मासेमारीच्या होड्या निवांत पसरल्या होत्या आणि त्या ओळींमधून जहाज अगदी शहाण्या मुलासारखे, रेष न सोडता चालले होते.

चौथा दिवस : अलप्पुळाचे खांब

भाच्याने गाडी दिली. दक्षिणेला पन्नास-साठ किलोमीटरवर अलप्पुळा आहे आणि ते पाहिल्याशिवाय कोचीचे काम अर्धेच कळते, असे माझे मत झाले आहे. त्रावणकोरचे हे बंदर १७६२ मध्ये सुरू झाले. तिथे खाडीचे मुख नाही, सरळ वाळूचा किनारा आहे. म्हणून तिथे समुद्राला आत आणण्याऐवजी जमीन बाहेर नेली. १८६२ मध्ये लोखंडी खांबांवर लांब धक्का समुद्रात काढला, त्याच वर्षी दीपगृह झाले आणि शहरातले कालवे माल घेऊन किनाऱ्यापर्यंत आले. आता धक्क्याचे गंजलेले खांब तेवढे पाण्यात उभे आहेत, कोणी सरळ, कोणी कललेले. त्यांवर कावळे आणि समुद्रपक्षी बसतात. कोचीचा मार्ग खुला झाल्यावर इथला व्यापार तिकडे गेला.

खांबाच्या तळाशी जिथे लाट आपटते, तिथे लोखंड सर्वांत जास्त खाल्लेले होते. कायम पाण्यात असलेला आणि कायम हवेत असलेला भाग त्यामानाने बरा. भिजणे-सुकणे जिथे रोज चालते, तिथे गंज धरतो. आमच्या बंधाऱ्यांच्या दरवाज्यांनाही तिथेच भोके पडायची.

याच किनाऱ्यावर पावसाळ्यात चाकरा दिसते. तळाचा मऊ चिखल पाण्यात उसळतो आणि त्या पट्ट्यात लाटा जणू दाबून टाकल्यासारख्या शांत होतात. भर पावसाळ्यात जहाजे तिथे नांगर टाकीत आणि मासेमारही त्याची वाट पाहतात. ब्रिस्टो यांनी या चिखलाच्या पट्ट्यांचाही अभ्यास करून १९३८ मध्ये तो छापला. चिखल लाटेला का शमवतो, हा प्रश्न त्यांना बंदराच्या कामात पडला असणार, हे उघड आहे. डिसेंबरात अर्थात चाकरा नव्हती. समुद्र नेहमीसारखा फुटत होता आणि शहाळेवाला त्याच्याकडे पाठ करून बसला होता.

पाचवा दिवस : जुने स्टेशन आणि ड्रेझर

गाडी रात्रीची होती. सकाळी उच्च न्यायालयाच्या मागचे जुने एर्नाकुलम स्टेशन पाहायला गेलो. बंदर होण्याच्या बरेच आधी, १९०२ मध्ये, शोरनूरहून इथपर्यंत मीटरगेज रेल्वे आली आणि ती कोचीनचे राजे रामवर्मा यांनी संस्थानच्या पैशाने आणवली. पैसे कमी पडले तेव्हा त्रिपुणितुरा येथील पूर्णत्रयीश मंदिराच्या हत्तींची सोन्याची नेट्टीपट्टम, म्हणजे कपाळावरचे दागिने, विकली, ही हकीकत कोचीत लहान मुलालाही माहीत असते. बंदराचा विचार करताना पाठीमागची रेल्वे विसरून चालत नाही. आत आलेले जहाज रिकामे करायला रूळ हवेतच आणि तेही दक्षिण भारताच्या मळ्यांपर्यंत पोहोचणारे. स्टेशन आता झुडपांत हरवले आहे. वैकोमच्या सत्याग्रहाच्या वेळी, १९२५ मध्ये, गांधीजी इथे उतरले होते. आम्ही गेलो तेव्हा पडक्या फलाटावर कोणीतरी कपडे वाळत घातले होते.

मग पुन्हा फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर, या वेळी वेळेचे बंधन न ठेवता. सौ.नी वर्तमानपत्र काढले आणि मी घड्याळ. समोर एक ड्रेझर चालला होता. हा 'लॉर्ड विलिंग्डन'सारखा एका जागी उभा राहून नळातून पाठवणारा नव्हे, तर चालता चालता तळ खरवडून गाळ स्वतःच्या पोटात भरणारा. मुखाच्या आतून तो बाहेर जात होता तेव्हा इतका खाली बसला होता की त्याच्या बाजूवरची रंगाची पट्टी पाण्याला टेकली होती. बोयांच्या ओळीबाहेर पार दूर जाऊन तो ठिपक्याएवढा झाला आणि थांबला. तिथे पोटाची दारे उघडून गाळ सोडत असणार. परत आला तेव्हा कोरडा पोटाचा भाग हात-दोन हात वर उचललेला होता.

ब्रिस्टो १९४१ च्या एप्रिलमध्ये, आल्यापासून बरोबर एकवीस वर्षांनी, इथून निघून गेले. त्यांनी खणलेला खड्डा त्याच स्थितीत एक वर्षही टिकलेला नाही. नद्या दर पावसाळ्यात तो भरतात आणि बंदर दरवर्षी तो उपसते. वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलसाठी तर तो आणखी खोल केला, साडेचौदा मीटरपर्यंत पाणी लागणारी जहाजे घेता यावीत म्हणून. बंदराच्या खर्चात या उपसणीचा वाटा मोठा आहे आणि तो का, हे पाटबंधाऱ्यात राहिलेल्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको. इथे पाहायला जे मिळते, ते बेट, पूल, स्टेशन, हॉटेल, ते सगळे उपशाचे उरलेले. मुख्य काम पाण्याखाली आहे आणि ते रोज नव्याने करावे लागते.

माझ्या घड्याळात त्याच्या फेरीला दोन तासांना दहा मिनिटे कमी लागली. दुसऱ्या फेरीलाही जवळजवळ तेवढीच. तिसऱ्या फेरीला निघताना तो रो-रोला वाट देण्यासाठी थोडा थांबला, बोटीतल्या कोणीतरी त्याच्याकडे हात हलवला, आणि तो बोयांच्या लाल-हिरव्या ओळींतून पुन्हा बाहेर पडला. सौ.नी वर्तमानपत्राची घडी घातली. "अहो, आता पुरे. गाडी चुकेल," त्या म्हणाल्या. मी त्याची चौथी फेरी पाहू शकलो नाही.